डॅशबोर्डवरचा दिवा लागला, आता काय करावे?

(शेतकी विभागाकडून)

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर मी नेहमी लागण, खोडवा, बेणेबदल, खताचे हप्ते याविषयी लिहीत असतो. आज मोटारीच्या दिव्यांविषयी लिहिणार आहे. शेतकी विभागाचे यात काय काम, असे कोणी विचारील. परंतु आपल्या बारामती-इंदापूर भागात आज वाडीवस्तीवर एखादी जुनी बोलेरो, सुमो नाहीतर स्कॉर्पिओ असतेच. सुमो १९९४ साली आली (तिचे नाव टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावावरून पडले), बोलेरो २००० साली व स्कॉर्पिओ २००२ साली. सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले, तरी त्या गाड्या आजही आपल्या रस्त्यांवर पळत आहेत. खताची पोती, टोळीचा किराणा, आजारी माणूस, लग्नाचे वऱ्हाड, सगळे त्याच गाडीत. आणि गाडी बंद पडते ती ऐन हंगामातच.

दुसरे कारण माझे स्वतःचे आहे. ते आधी सांगतो, म्हणजे हा माणूस उगीच शहाणपणा शिकवतोय असे वाटणार नाही.

२०१९-२० च्या हंगामातली गोष्ट. माझ्या जुन्या जीपगाडीचा ऑईलचा लाल दिवा पंधरा दिवसांपासून मधूनच लुकलुकत होता. गाडी गरम असली, चौकात उभी राहिली की लागायचा आणि रेस दिली की जायचा. मी म्हटले, वायर कुठेतरी ढिली असेल, हंगाम संपल्यावर बघू. जानेवारीत एका रात्री लासुर्णे शिवारातून फोन आला की सभासदाच्या उसाला आग लागली. जळीत ऊस किती लवकर तुटला पाहिजे हे आपणांस ठाऊक आहेच, एकेका दिवसाला वजन घटते. मी तसाच निघालो. निम्म्या वाटेत दिवा लागला तो विझेचना. मनात म्हटले, चारच किलोमीटर राहिलेत, काढू रेटून. दोन किलोमीटरवर खट् खट् आवाज सुरू झाला, आणि पुढे इंजिन जागेवर जाम. अंधारात तासभर उभा राहिलो. शेवटी एकाच्या मोटारसायकलवर बसून फडात पोचलो. तोवर तो सभासद बांधावर एकटाच बसून होता. टोळी दुसऱ्या फडावर निघून गेली होती, ती परत मिळायला आणखी एक दिवस गेला. माझे क्रँकचे काम निघाले, दोन महिन्यांचा पगार त्यात गेला. पण त्या सभासदाचा जो एक दिवस गेला तो माझ्या हलगर्जीपणाने गेला, हे मला अजून टोचते.

कारण काय निघाले? ऑईल बदलताना खालच्या नटाचा वायसर नीट बसला नव्हता. थेंब थेंब गळून ऑईल तळाला गेले होते. मी एकदा खाली उतरून पट्टी बघितली असती, तर एक-दोन लिटर ऑईलवर भागले असते.

दिवा म्हणजे लक्षण, रोग नव्हे

उसाचे पान पिवळे पडले की आपण काय करतो? जाणता शेतकरी आधी कुठले पान पिवळे पडले ते बघतो. जुनी, खालची पाने पिवळी असतील तर नत्र कमी. वरची कोवळी पाने पिवळी-पांढरी असतील तर चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही. कुठे पाणी साचलेले असते, तर कुठे मुळाशी हुमणी असते. न बघता युरिया टाकणारा पैसेही घालवतो आणि पीकही. डॅशबोर्डच्या दिव्याचे तसेच आहे. दिवा सांगतो की अमुक ठिकाणी काहीतरी बिघडले आहे. काय बिघडले हे आपण आणि मिस्त्रीने मिळून शोधायचे असते.

आधी रंग ओळखा

दिव्यांची चित्रे बहुतेक सर्व कंपन्यांच्या गाड्यांत सारखीच असतात, कारण त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरलेले आहे. रंगांचा नियम चौकातल्या सिग्नलसारखाच आहे.

लाल : गाडी सुरक्षित जागी घेऊन थांबा.
पिवळा किंवा नारिंगी : चालवता येईल, पण लवकर दाखवून घ्या.
हिरवा, निळा : नुसती माहिती. निळा म्हणजे हेडलाईट वरच्या झोतावर आहे. समोरून ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा बैलगाडी येत असेल तर झोत खाली घ्या.

किल्लीची परीक्षा

ही परीक्षा रोज करावी, तिला पैसा लागत नाही. किल्ली 'ऑन' करा, पण सेल्फ मारू नका. ऑईल, बॅटरी, ब्रेक यांचे दिवे लागलेच पाहिजेत. इंजिन सुरू झाले की ते विझले पाहिजेत. किल्ली ऑन करूनही एखादा दिवा लागलाच नाही, तर ती गाडी निरोगी आहे असे समजू नका. एकतर त्याचा बल्ब गेला आहे, किंवा फ्यूज, किंवा कोणीतरी बल्ब मुद्दाम काढून ठेवला आहे. जुनी गाडी विकत घेताना ही परीक्षा हमखास करावी. दोष झाकण्यासाठी बल्ब काढणारे महाभाग असतात.

आता एकेक दिवा घेऊ.

१. ऑईलचा दिवा (तेलाच्या झारीचे चित्र, लाल)

हा दिवा ऑईल किती आहे ते सांगत नाही, ऑईलचा दाब सांगतो. इंजिनच्या अंगावर एक छोटा स्विच असतो. दाब फार खाली गेला की तो दिवा लावतो. दाब नाही म्हणजे बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा नाही, लोखंडावर लोखंड घासते आहे. टर्बोच्या गाडीत टर्बोही त्याच तेलावर जगतो. म्हणून चालत्या गाडीत हा दिवा लागला तर गाडी कडेला घेऊन ताबडतोब इंजिन बंद करावे. "जवळच तर जायचंय" हे म्हणू नये. मी म्हटले होते.

सपाट जागी दहा मिनिटे थांबून पट्टी काढा, फडक्याने पुसा, परत घालून काढा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असेल तर योग्य ग्रेडचे ऑईल थोडे थोडे घाला. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका, जादा ऑईलही बाधते. गाडीखाली गळती आहे का ते बघा. ऑईल घातल्यावर दिवा विझला आणि गळती नसेल तर गॅरेजपर्यंत जाता येईल. ऑईल पुरेसे असूनही दिवा लागत असेल तर गाडी चालवू नका, ओढून न्या.

मिस्त्रीला सांगून स्विचच्या जागी दाबाचे घड्याळ लावून घ्यावे. दाब बरोबर निघाला तर स्विच खराब आहे, तो बदलला की झाले. दाब कमी निघाला तर पंप, जाळी, बेअरिंग किंवा डिझेल मिसळून पातळ झालेले ऑईल यांचा तपास करावा. गरम इंजिनवर उभ्या गाडीत लुकलुकणारा दिवा ही पहिली सूचना असते. ती वाया घालवू नये.

२. बॅटरीचा दिवा (चौकोनी डबी, अधिक-उणे खुणा, लाल)

या दिव्याने फार लोक फसतात. दिवा बॅटरीचा दिसतो, पण तो लागला म्हणजे डायनामा, म्हणजे आल्टरनेटर, चार्जिंग करत नाही. लगेच नवी बॅटरी घ्यायला धावू नका. आधी बॉनेट उघडून पट्टा बघा. तुटला असेल, सैल झाला असेल किंवा घसरत असेल.

यात दोन गोष्टी जिवाशी गाठ घालणाऱ्या आहेत. पहिली ही की अनेक इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला की काही मिनिटांत इंजिन तापते. दुसरी गोष्ट पुष्कळ लोकांना माहीतच नाही. आपल्याकडच्या कित्येक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप डायनाम्याच्या पाठीवरच बसवलेला असतो. डायनामा फिरायचा थांबला की साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळा ब्रेक हलका लागतो, मग पेडल दगडासारखे कडक होते.

आपल्या एका तरुण सभासदाचा हा अनुभव आहे. आईला दवाखान्यात घेऊन तो बारामतीकडे निघाला होता. भिगवण सोडल्यावर बॅटरीचा दिवा लागला. त्याला वाटले, बॅटरी जुनी झाली, दिवस उजेडाचा आहे, जाऊ. पुढे एका पुलाच्या उतारावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. त्याने ब्रेक दाबला तर पेडल जाईना. दोन्ही पायांनी जोर लावला, गियर खाली घेतला, हँडब्रेक ओढला, आणि शेवटच्या गाडीच्या हातभर मागे गाडी थांबली. बैलही वाचले, माणसेही वाचली. पट्टा तुटून कधीच पडला होता.

तेव्हा हा दिवा लागला की थांबून पट्टा बघायचा. पट्टा तुटलेला असेल तर पुढे जायचे नाही. पट्टा शाबूत असेल, पेडल नेहमीसारखे हलके असेल व तापमानाचा काटा जागेवर असेल, तर एसी, टेप, जादा दिवे बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत जावे. वाटेत इंजिन बंद करू नये, परत सुरू होईलच असे नाही.

घरी साधा मल्टिमीटर असेल तर तपासणी सोपी आहे. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले पाहिजेत. चालू इंजिनवरही बाराच्या आसपास राहिले तर चार्जिंग नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी साठली असेल तर इंजिन बंद करून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी व व्हॅसलिन लावावे. जुन्या डायनाम्याला सुरुवातीचा करंट याच दिव्याच्या बल्बमधून मिळतो, म्हणून बल्ब गेला तरी चार्जिंग अडू शकते. आणि एक वाईट सवय सोडा. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून "डायनामा बघणे" धोक्याचे आहे. त्याने डायनाम्याचे डायोड आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक पेटी जळू शकते.

३. तापमानाचा दिवा किंवा काटा (पाण्यात बुडवलेला थर्मामीटर, लाल)

काटा वर चढू लागला की एसी बंद करा, हिटर पूर्ण चालू करा, त्याने इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडते. लाल दिवा लागला की थांबून इंजिन बंद करा. मग अर्धा-पाऊण तास काहीही करू नका. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. आत दाब असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झाले की त्याची एकदम वाफ होते आणि तोंडा-हातावर येते. तापलेल्या इंजिनवर कालव्याचे गार पाणी ओतण्याचीही घाई नको, हेड वाकते किंवा तडकते.

गार झाल्यावर जाड फडके धरून झाकण हळूहळू उघडा. पाणी कमी असेल तर भरा व कुठून गेले ते शोधा. पाईप, क्लिपा, पंप, रेडिएटरची जाळी बघावी. आपल्या भागात दोन कारणे फार आढळतात. फडात फिरून पाचटाचा भुसा आणि धूळ रेडिएटरच्या पुढे चिकटते, वारा आत जात नाही. ती मऊ ब्रशने व पाण्याने साफ करावी. दुसरे म्हणजे विहिरीचे, बोअरचे क्षाराचे पाणी. ज्या पाण्याने आपल्या जमिनी खारावतात तेच पाणी रेडिएटरच्या नळ्यांत खडा धरते. अडचणीच्या वेळी ते चालेल, पण नंतर काढून कूलंट व डिस्टिल्ड वॉटरच भरावे.

ऑईलच्या पट्टीवर दुधी, फेसाळ ऑईल दिसले तर पाणी ऑईलमध्ये जात आहे, बहुधा हेडगॅसकेट गेले. गाडी सुरू करू नये. आणखी एक ध्यानात ठेवा, पाणी सगळेच संपले तर काटा उलट खाली येऊ शकतो, कारण सेन्सर कोरडा पडतो. वर गेलेला काटा अचानक खाली आला म्हणून आनंद मानू नका.

४. ब्रेकचा दिवा (वर्तुळात उद्गारचिन्ह, लाल)

आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का ते बघा. सुटलेला असूनही दिवा असेल तर ब्रेक-ऑईल कमी आहे. डबीत ऑईल ओतून मोकळे होऊ नका. पॅड व लायनर झिजले की पातळी आपोआप खाली येते, म्हणजे दिवा झिजेचीही खबर देत असतो. पातळी एकदम खाली गेली असेल तर गळती आहे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा. पेडल मऊ लागत असेल, खोल जात असेल किंवा पुन्हा पुन्हा दाबावे लागत असेल, तर गाडी एक पाऊलही हलवू नये.

डबीवर लिहिले असेल त्याच प्रकारचे ब्रेक-ऑईल घालावे. इंजिन ऑईल कधीही घालू नये, त्याने आतले रबर फुगते आणि सगळेच ब्रेक जातात. ब्रेक-ऑईल हवेतला ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे.

नंतरच्या गाड्यांत एबीएसचा पिवळा दिवा असतो. तो एकटा लागला तर साधे ब्रेक चालतात, पण जोरात दाबल्यावर चाके लॉक होऊ शकतात. चिखलातून आल्यावर लागला तर चाकाजवळचा सेन्सर धुऊन बघावा. एबीएस व ब्रेकचे लाल, दोन्ही दिवे एकदम लागले तर थांबावे.

५. हिटर प्लगचा दिवा (स्प्रिंगचे वेटोळे, पिवळा)

थंडीत पहाटे किल्ली ऑन केली की हा लागतो. तो विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारावा. न थांबता सेल्फ मारत बसले की बॅटरी उतरते. काही गाड्यांत तो चालताना लुकलुकला तर बिघाडाची सूचना असते, ती दाखवून घ्यावी.

६. डिझेलमध्ये पाणी (फिल्टर व खाली थेंब)

डिझेल कॅनमधून, बॅरलमधून भरणाऱ्यांनी हा दिवा ओळखलाच पाहिजे. पाणी पंपात व नोझलमध्ये गेले की गंज चढतो, आणि कॉमन रेलच्या गाडीत ते काम फार महागात जाते. इंजिन बंद करून फिल्टरखालचा स्क्रू सैल करा, भांडे धरा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा, स्क्रू घट्ट करा. एअर धरली तर हातपंप मारून काढावी.

७. इंजिनचा दिवा (इंजिनचे चित्र, पिवळा)

इलेक्ट्रॉनिक गाड्यांत हा असतो. गाडी नेहमीसारखी ओढत असेल तर सावकाश चालवून गॅरेजला न्यावी. ओढ कमी झाली, धूर वाढला तर जवळच थांबावे. मिस्त्री स्टिअरिंगखाली स्कॅनर लावून कोड वाचतो. कोड हा पत्ता असतो, चोर नव्हे. सेन्सरचा कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका, आधी वायर, प्लग, उंदराने कुरतडलेली जागा, फाटलेला पाईप बघायला सांगा. नुसता कोड पुसून घेतला तर दिवा जातो, बिघाड राहतो. एअरबॅगच्या दिव्याला मात्र घरी हात लावू नये, ते काम जाणकाराचे.

मिस्त्रीला काय सांगावे

"दिवा लागतोय, बघा" एवढ्याने काम होत नाही. कोणता दिवा, गाडी गार असताना की गरम, उभी असताना की चालताना, आवाज, वास किंवा धूर होता का, आधी काय काम केले होते, हे सर्व चिठ्ठीवर लिहून न्यावे. आम्ही आपल्याला पिकाची माहिती विचारतो ती याचसाठी. निदान लवकर होते आणि नको ते सामान बदलले जात नाही.

हंगामात गाडीत पुढील वस्तू असाव्यात : एक लिटर ऑईल, पाच लिटर स्वच्छ पाणी, जादा पट्टा, फ्यूज, टॉर्च, पाने, मल्टिमीटर व चमकणारा त्रिकोण. रात्री पालखी मार्गावर किंवा सोलापूर रस्त्यावर थांबावे लागले तर गाडी डांबरावरून पूर्ण खाली घ्या, चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण मागे लांब ठेवा आणि माणसांना गाडीपासून दूर उभे करा. उभ्या वाहनावर मागून येऊन आदळल्याने किती घरे उघडी पडतात ते आपण दर हंगामात पाहतो.

शेवटी एकच विनंती. दिवा लागला की त्यावर चिकटपट्टी लावू नका, बल्ब काढू नका आणि "हंगाम संपल्यावर बघू" म्हणू नका. उद्या सकाळी किल्ली फिरवताना क्षणभर थांबून दिवे मोजा, आणि घरात जो कोणी गाडी चालवतो, मुलगा, सून, ड्रायव्हर, त्यालाही हे पान वाचून दाखवा. पुढील अंकात पुन्हा आपल्या खोडव्याकडे वळू.

कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी